सिफिलिसची (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग) व्हीडीआरएल रक्तचाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आलीय, त्रास काहीच नाही. मदत हवी आहे

प्रश्न
बायकोला चौदावा आठवडा चालू आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह १:१६ आणि टीपीएचए (सिफिलिसची खात्री करणारी चाचणी) पॉझिटिव्ह आलं. जखम, पुरळ दोघांनाही नाही. मग इंजेक्शन बाळंतपणानंतर घेतलं तर चालेल का?

निशिगंध
नाही, याच आठवड्यात सुरू करा. सिफिलिसची पहिली जखम संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी येते. ती सहसा दुखत नाही, गर्भाशयाच्या तोंडावर असली तर दिसतही नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. नंतरचं पुरळही तसंच जातं. जंतू मात्र शरीरात राहतात. या सुप्त अवस्थेत जोडीदाराला लागण होण्याची शक्यता हळूहळू घटते, पण रक्तातून वारेमार्गे ते बाळापर्यंत पोचू शकतात. गर्भ पोटातच दगावण्याची भीती असते ती यामुळेच.

संसर्ग कधीचा ते माहीत नसेल तर बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, आठवड्याला एकदा, असे ३ डोस स्नायूत देतात. गरोदरपणात दोन डोसांत ९ दिवसांहून जास्त अंतर पडलं तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तिन्ही तारखा आधीच ठरवून ठेवा. पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी होऊ शकते. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता
पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी निघाली तर दुसऱ्या गोळ्या?

निशिगंध
गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन चालत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिनने बाळाच्या उपचाराची खात्री नाही. रुग्णालयात दाखल करून, थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावून पेनिसिलिनच देतात.

लॅबकट्टा
टीपीएचए उपचारानंतरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, ती पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. बघायचा तो व्हीडीआरएलचा आकडा (रक्त किती पट पातळ केल्यावरही चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येते ते), आणि तोही त्याच लॅबमधून. १:१६ वरून १:४ झाला तर खरी घट. १:८ म्हणजे फरक धरत नाहीत. जुन्या संसर्गात आकडा सावकाश उतरतो, त्याने घाबरू नका.

तुमचीही तपासणी आजच करा, दोघांची एचआयव्ही चाचणीसुद्धा. दोघांचे उपचार होईपर्यंत शरीरसंबंध टाळा, नाहीतर तिला पुन्हा लागण होईल. कुणाकडून कुणाला, यावरून घरात भांडू नका: सुप्त संसर्ग अनेक वर्षांचा, लग्नाआधीचाही असू शकतो आणि या रिपोर्टवरून ते कळत नाही. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांवरच्या उपचारांचं केंद्र) हे सगळं मोफत होतं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारा.

इंजेक्शनच्या तारखांचा कागद बाळंतपणाच्या फाइलला लावा. जन्मल्यावर बाळाची तपासणी आणि उपचार बालरोगतज्ज्ञ त्यावरूनच ठरवतील.