विषय: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, तास किती?

नमस्कार मंडळी,

आई डिसेंबरात पहिल्यांदाच एकटी येतेय, दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला. तिकिटावर पहाटे ४ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ६.३० ला पोचणार असं आहे. तिचा फोन आला, "अगं, अडीच तासांत कशी येईन मी?" शिवाय अंतर एके ठिकाणी १२,४०० किमी दिसतं, दुसरीकडे जवळजवळ १४,०००. तिला नेमकं काय सांगू?

---

ताई,

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. डिसेंबरात इथे सॅन फ्रान्सिस्कोत आपण भारताच्या साडेतेरा तास मागे असतो. अडीचमध्ये साडेतेरा मिळवा, झाले सोळा. तेही विमानतळाच्या गेटपासून गेटपर्यंत. हवेतला वेळ त्याहून थोडा कमी.

अंतराचे दोन्ही आकडे खरे आहेत. घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्लीवर दोऱ्याचं एक टोक धरा आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ताणून बघा. दोरा थेट वर, उत्तर ध्रुवाच्या बाजूला सरकतो. सपाट नकाशावर हे कधीच पटत नाही, म्हणून आईंना गोलावरच दाखवा. हा दोरा म्हणजे १२,४०० किमी. विमान मात्र असं दोऱ्यावरून जात नाही. वारा, कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, वाटेत गरज पडली तर उतरायला विमानतळ कुठे, हे सगळं बघून वाट ठरते. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा नऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला.

मला सगळ्यात आवडतो तो याच मार्गाचा किस्सा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेलं. वाट १३,९०० ची १५,३०० किमी झाली, तरी साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचले! साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांनी पाठ धरली. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यांवर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत उतरलं होतं.

---

काका, एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्काम आपणहून जवळ यायला हवा ना?

---

नाही रे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो वाऱ्याचाच.

---

काका, मनापासून आभार. लेकीच्या खोलीतला गोल काढून व्हिडिओ कॉलवर आईला दोरा दाखवला. तिनेच पुन्हा ताणायला लावला, दोनदा. परतीचं तिकीट मार्चमधलं आहे. आपली घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, तेव्हा तारीख त्याच्या अलीकडची की पलीकडची ते आज बघते.