घरचे बियाणे, गावाचे नाव आणि परवाना: सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याने नकार कुठे द्यावा?

कृष्णाकाठ (वाळवा), धागाकर्ता

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हापासून कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: उद्या घरच्या बियाण्यालाही परवाना लागणार का? मसुद्याप्रमाणे लागणार नाही. शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, विकावेही. मात्र ते ब्रँडच्या नावाने विकू नये. 1966 च्या बियाणे कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या दारात थेट विक्रीची मोकळीक आहेच, आणि 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 मध्ये हा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे.

माझा आक्षेप त्या शेवटच्या अटीला आहे. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या डोंगरात एखाद्या बचत गटाने भाताचे बियाणे निवडून, वाळवून, पिशवीत भरले आणि पिशवीवर गावाचे नाव छापले, की त्या गटाची शेतकरी म्हणून असलेली सूट संपते आणि बियाणे कंपनीचे सगळे नियम त्याला लागू होतात, असा अर्थ कोणताही तपासणी अधिकारी काढू शकेल. म्हणजे एकट्याने सुटे विकलेले चालते, पण चौघींनी मिळून आपल्या नावावर विकलेले चालत नाही. कंपनीला भीती कशाची असते, तर एकट्या शेतकऱ्याची नव्हे, त्याच्या गटाची. आणि नेमकी तीच वाट येथे बंद होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की गटांनी परवाना मागूच नये. पिशवीवर गावाचे नाव, वाण, हंगाम आणि उगवणीचा आकडा छापावा, तालुका कृषी अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवावे, आणि कारवाई झालीच तर ती शांतपणे सोसावी. ज्यांना हा हट्ट वाटतो त्यांनी आपल्याच जिल्ह्यांची मोठी पिके पाहावीत. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला को 86032 ऊस कारखान्यांच्या बेणे मळ्यांतून, म्हणजे लागणीसाठीचा ऊस वाढवणाऱ्या शेतांतून, गावात आला आणि पुढे या बांधावरून त्या बांधावर गेला. सांगलीच्या ज्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे बेणेही शेतकरी आपल्याच राशीतून निवडून ठेवत आला आहे. प्रतिसरकार चालवलेल्या या मुलखाला एवढा नकार जड जाऊ नये.

कृषीपदवीधर (कराड)

आपण दिलेले उसाचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. बांधावरून बांधावर बेणे गेले तसा गवताळ वाढीचा रोगही गेला, कारण तो मुख्यतः रोगट बेण्यातून पसरतो. म्हणूनच तीन-चार वर्षांनी बेणे बदला, ते उष्ण बाष्प प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून तयार केलेले घ्या, असे संशोधन केंद्रे कानीकपाळी ओरडत असतात. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला म्हणून त्याचे बेणे तोडून आणणाऱ्याला हे खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या पिकात, कळते.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. त्या वेळी ज्यांच्याकडे पावती, पिशवी आणि टॅग होता त्यांचे पंचनामे झाले, आणि निदान दाद मागायला कोणीतरी समोर होते. बचत गटाच्या पिशवीतले बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचे? परवाना हा केवळ सरकारचा फास नसून ग्राहकाचा पुरावाही आहे, आणि येथे ग्राहक म्हणजे दुसरा गरीब शेतकरीच आहे. मका, टोमॅटो, ढबू मिरची यांचे संकरित बियाणे तर घरी राखून उपयोगच नाही, कारण पुढच्या पिढीत गुण फाटतात. त्यामुळे हा सगळा लढा मोजक्या सरळ वाणांपुरताच उरतो.

वसनाकाठची (कोरेगाव)

त्या मोजक्या पिकांवरच आमच्यासारख्यांची चूल चालते, दादा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये मानांकन मिळाले. तो कोणत्या कंपनीने घडवलेला नाही.

उगवण तपासायला आम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे आणि आठवड्याच्या आत उघडून निरोगी कोंब मोजायचे. मोड वाकडा किंवा बुरशी धरलेला असेल तर तो दाणा मेलाच समजायचा. सोयाबीनचे सत्तर कोंब आले तर एकरी 30 किलो पेरायचे, कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. ही पद्धत कृषी खातेच दर मे महिन्यात गावोगाव शिकवते, आणि प्रमाणित सोयाबीनसाठी ठरवलेली किमान उगवणही 70 टक्केच आहे. मग खात्याने शिकवलेली चाचणी करून तोच आकडा आम्ही पिशवीवर छापला, तर त्यात गुन्हा कोणता?

जुना बिल्लेवाला (मिरज)

प्रथम एक किरकोळ दुरुस्ती. शांततामय प्रतिकारासाठी प्रतिसरकारचा दाखला देऊ नये; त्याला पत्री सरकार का म्हणत, हे गावातल्या सावकारांना चांगले ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट. बियाण्याच्या बाबतीत सविनय कायदेभंग महाराष्ट्राने याआधीही पाहिला आहे. जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यात बंदी असलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे उघडपणे पेरले आणि अटक झाली तरी हरकत नाही असे सांगितले. त्यांची मागणी आपल्या उलट होती. जे तंत्रज्ञान शेतकऱ्याला हवे आहे ते सरकारने अडवू नये, असे ते म्हणत होते. जनुकीय बदल केलेले बीटी वांगे 2010 पासून अडकून पडले आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात एका आदेशाने बंद झाली आणि ती मे 2024 पर्यंत उघडली नाही. अन्नावरचा ताबा म्हणतात तो हा. आपण कंपनीला खलनायक ठरवता, तेव्हा सरकारचा हात आणखी बळकट होतो, कारण कंपनीला आवरण्याच्या नावाखालीच प्रत्येक नियम येतो. पेरणाऱ्याला घरचे पेरायचे तर घरचे, दुकानातले पेरायचे तर दुकानातले. दोन्ही स्वातंत्र्ये एकत्र मागितली तरच मी आपल्याबरोबर आहे.

काळा कोट (सांगली)

नव्या विधेयकाचा मसुदा आणि 2001 चा कायदा यांची येथे सरमिसळ होत आहे. 2001 च्या कायद्यातील ‘ब्रँडेड’ची व्याख्या मर्यादित आहे: संरक्षित वाण असल्याचे दर्शवणारे लेबल लावून विकलेले बियाणे. वाघ्या घेवड्याची पिशवी त्यात बसत नाही. तरीही हक्क कागदावर असून भागत नाही, हे गुजरातने दाखवले. 2019 मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या संरक्षित बटाट्याची लागवड केली म्हणून तेथील शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रक्कम मागितली. देशभर टीका झाल्यावर दावे मागे घेतले गेले. 2021 मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, पण जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. माझा सल्ला असा, की गटांनी आपले वाण 2001 च्या कायद्याखाली शेतकरी वाण, म्हणजे शेतकऱ्यांनीच जपलेले वाण, म्हणून नोंदवून घ्यावेत. त्याला शुल्क लागत नाही. कारवाई सोसण्याची भाषा ज्याच्या नावावर पीककर्ज आहे त्याला परवडत नाही.

कृष्णाकाठ (वाळवा)

वकीलसाहेब, शेतकरी वाणाची नोंद जरूर करावी. ती आपल्या मालकीची नोंद आहे. विक्रीचा परवाना मात्र दुसऱ्याने द्यायची परवानगी आहे, आणि माझा नकार तेवढ्यापुरताच आहे. बिल्लेवाले काका, दुकानातले पेरू नका असे मी कोठेही म्हटलेले नाही. पण कापसाचे परागकण बांध ओळखत नाहीत, म्हणून शेजाऱ्याला न विचारता पेरलेले बंदीचे बियाणे आणि गोणपाटावर तपासलेला घेवडा यांना मी एका मापाने मोजणार नाही. गवताळ वाढीबद्दल इतकेच, की त्यावरचा उपाय बेणे मळा आणि प्रक्रिया हा आहे. तो संशोधन केंद्राने दिला, परवान्याने नाही.

कृषीपदवीधर (कराड)

जबाबदारीचा प्रश्न आपण टाळलात. गट पिशवीवर भरपाईची लेखी हमी छापणार का?

वसनाकाठची (कोरेगाव)

बियाण्याच्या किमतीपुरती हमी आजही छापता येईल. आमच्याकडे तर निम्मे बियाणे पैशाने जातच नाही, सवाईने जाते: पेरणीला एक पायली न्यायची आणि रास झाल्यावर सव्वा पायली आणून द्यायची. उगवले नाही तर नेणाऱ्याकडून काहीच येणे नसते, देणारीच बुडते. बुडालेल्या पिकाची भरपाई मात्र आमच्याकडून होणार नाही. आणि ती कंपन्यांकडून किती जणांना, किती वर्षांनी मिळाली, हे पंचनामा केलेल्यांनीच येथे लिहावे.