'क्षेत्रवाढ' म्हणजे सेक्टरची वाढ की पेरा?

राजवाडा_चौक: इंदूरच्या मंडळाच्या अंकासाठी भाषांतर करतोय. मथळा दिला 'क्षेत्रवाढीचा महिला रोजगारावर परिणाम'. मुद्रितं वाचणाऱ्याने विचारलं, सोयाबीनचा पेरा वाढलाय का? 'सेक्टर'ला दुसरा शब्द?

खुरपं: रास्त शंका. शेतीत क्षेत्र म्हणजे हेक्टर. शिवाय दोन्हींचे परिणाम उलटे होऊ शकतात. पेरा वाढला की निंदणीला बायका जास्त लागतात. उत्पन्न तणनाशकाच्या जोरावर वाढलं, तर विसाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपासच्या दोन्ही निंदण्या जातात. पुढे कापणी हार्वेस्टर नेतो. सरळ 'शेतीच्या उत्पन्नातली वाढ' लिहा.

अनुस्वार: 'निंदणी' हिंदी वळणाचं. मराठीत खुरपणी.

खुरपं: विदर्भ-खानदेशात विचारा.

खाना_२१: खरा घोळ 'रोजगार' शब्दात आहे. पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या श्रमबल पाहणीत, १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या) २०१७-१८ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ला ४१.७. त्याच काळात कामकरी बायकांमध्ये शेतीतल्या ५७ टक्क्यांवरून ६४.४वर गेल्या. यात कामाच्या प्रकाराचा संकेतांक २१ बघा : घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. हातात दमडी नाही, तरी गणती कामगारात. नुसतं घरकाम करणारीचा संकेतांक ९२, ती श्रमबलाबाहेर.

अनुस्वार: ज्यात रोजच्या रोज मजुरी मिळते तो रोजगार. बिनपगारी असेल तर 'बेगार' म्हणा.

जुनी_बखर: फारसीत 'रोजगार' म्हणजे काळ, जमाना. मजुरीचा संबंध नाही. आणि बेगार सक्तीची असते, म्हणून तर वेठबिगार. घरच्या सुनेला वेठीला धरलंय असं छापणार का?

खुरपं: कुठे कुठे खोटं ठरणार नाही!

खाना_२१: 'स्वयंरोजगार' तर त्याहून फसवा. रेडीमेड कपड्यांची काज-बटणं, धागे कापणं घरी नेणारी बाई यातच मोजतात. माल ठेकेदाराचा, नगाचा दर त्याचा, टाका चुकला तर कपात तिची. यात 'स्वयं' काय, सुई? कपड्यांचा धंदा वाढला की हा आकडाही फुगतो, कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र एक नाव वाढत नाही.

राजवाडा_चौक: मग मथळ्यात काय घालू? अंक सोमवारी छपाईला जातोय.

अनुस्वार: 'सेक्टर' नको, एवढं नक्की. आणि आत निंदणी आली असेल तर खुरपणी करा.

खुरपं: करू नका.