मिश्र बियांचं पाकीट आणि मधमाश्या

जूनमध्ये मिश्र फुलांचं पाकीट पेरलंत, अर्धं उगवलंच नाही आणि मधमाश्याही फिरकल्या नाहीत, हे वाचून वाईट वाटलं. पण दोष तुमच्या हाताचा नाही. अशा पाकिटांत बरंचसं बी कॉर्नफ्लॉवर, पॉपी अशा थंड हवेतल्या फुलांचं असतं. आपल्याकडे ते पावसात कुजतं. उरलेलं बी ऑक्टोबरअखेर पेरून बघा. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं, वर माती जवळजवळ नकोच.

झेंडू, झिनिया घेताना एकेरी पाकळीचे घ्या. गच्च गेंदेदार फुलात मध आणि पराग फार कमी, माशीला आत शिरायलाही वाट नसते.

मी आता मिश्रण घरीच करते: सब्जा, तीळ, धने, बडीशेप, मोहरी आणि मूठभर कारळे. कारळ्याचं बी भरायला मधमाशीच लागते, त्यामुळे फुललं की सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, येतेच. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, थोड्या तिच्यासाठी राहू द्या. शेंदरी कॉसमॉस मात्र मी टाळते. तो कुंपणाबाहेर पसरतो, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर रान माजवून बसलाय.

आणि टोमॅटो-वांगी लावली असतील तर निळ्या पट्ट्यांच्या माशीकडे लक्ष ठेवा. फुलाला लटकून ती अंग थरथरवते, मग पराग झडतो. सातेरीला हे जमत नाही. ही माशी एकटी, मातीत बीळ करून राहते, म्हणून वाफ्याचा एक कोपरा न खणता, उघडा ठेवा.