छोट्या कॉलेजातलं गणित

ताई, तुमच्या मुलीला ऐरोलीहून ठाण्यातल्या छोट्या कॉलेजात बीएस्सी मॅथ्स करायचंय आणि बाकी सगळे म्हणतायत कॉलेजचं मोठं नाव नसेल तर नको, मला हे अजिबात पटत नाही. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, वर्गात मोजकी मुलं असतात ना, तोच खरा फायदा आहे, कारण एप्सिलॉन-डेल्टा काय किंवा ग्रुप थिअरी काय, असले बीएस्सीच्या गणितातले अवघड विषय, हे नुसतं ऐकून कळत नाही, फळ्यासमोर उभं राहून स्वतः प्रूफ लिहायला लागतं आणि कुठे अडलं ते सरांनी तिथल्या तिथे दाखवायला लागतं, शंभर जणांच्या वर्गात हे कोण करणार?

उणीव आहेच. इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचे विषय, कमी मिळतात, बरोबरीने डोकं लढवणारी मुलं कमी असतात, आणि गाइड पाठ करून मार्क मिळतात ही सवय लागली की मग एमएस्सीला फार जड जातं. म्हणून तिला माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनला बसवाच, ती पदवीच्या मुलांसाठीच आहे, आणि एमटीटीएसचा, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्चचा, उन्हाळी कॅम्प, १९९३ पासून चालू आहे, तिथे लेक्चर झोडत नाहीत, प्रश्न विचारून विचारून मुलांकडूनच उत्तर काढून घेतात. एनपीटेल या ऑनलाइन साइटवर आयआयटीची लेक्चर्स फुकट आहेत. विज्ञान-गणित शिक्षणाचं होमी भाभा सेंटर तर वाशीच्या पुढच्याच स्टेशनला, मानखुर्दला.

आणि जॅमचा, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जायच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास एसवायपासून, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून, लिनियर अल्जेब्रा आधी पक्कं करू दे.