महिन्याला 40-60 नगांचे काळे ॲनोडायझिंग करून देणारा जॉबवर्कवाला कसा शोधावा?

प्रकाशयंत्र, भोसरी

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे दोन सीएनसी मशीनचे छोटे वर्कशॉप आहे. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळांसाठी आम्ही भिंगे आणि आरसे धरणारे होल्डर बनवतो. माल एचई-30 ॲल्युमिनियमचा असतो, महिन्याला साधारण 40 ते 60 नग निघतात आणि ते सगळे काळे ॲनोडायझिंग (आम्लाच्या टाकीत वीज सोडून पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणे आणि तो रंगवणे) करूनच द्यावे लागतात, कारण उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश प्रयोगाच्या वाचनात घोळ करतो.

गेल्या सहा महिन्यांत मी अकरा ठिकाणी विचारले. बहुतेकांनी फोनवरच "एवढ्याशा मालासाठी टाकी अडवता येत नाही" असे सांगितले. एका ठिकाणी माल घेतला गेला आणि नग हातात आले तेव्हा सुरेख काळेभोर दिसत होते. पण दोन दिवसांनी पाहतो तर एम-3 (3 मिमी स्क्रूच्या) प्रत्येक बंद भोकाच्या तोंडाशी पांढरट ओघळ उमटले होते. शिवाय 25 मिमी एच-7 चे बोअर (ठरावीक सूट ठेवून केलेली अचूक मापाची भोके), ज्यात आमचा पिन हाताने सहज सरकत असे, ते अडकू लागले. चाळीसपैकी एकतीस नग बाद झाले. दर दुप्पट लागला तरी द्यायची तयारी आहे. अशा छोट्या लॉटचे काम मनापासून घेणारी माणसे कुठे भेटतात आणि त्यांच्याशी बोलणे कसे करावे?

ॲनोडायझर, वाळूज

आपण ज्यांना फोन केलेत त्यांच्या जागी मीही बहुधा नाहीच म्हटले असते, म्हणून त्यामागचे कारण आधी सांगतो. 20 मायक्रॉनचा थर चढवायला दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर धरून पाऊण तास लागतो, नंतर रंगाची टाकी, आणि उकळत्या पाण्यात सीलिंगला (थराची बारीक छिद्रे बंद करायला) दर मायक्रॉनला साधारण तीन मिनिटे, म्हणजे आणखी एक तास. डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणे), एचिंग (कॉस्टिकमध्ये पृष्ठभाग साफ करणे) आणि मधल्या धुण्या धरल्या तर अडीच-तीन तास होतात, आणि हा वेळ 40 नगांना लागतो तेवढाच 400 नगांना लागतो. त्यातून जिगवर (नग धरून टाकीत सोडायच्या चौकटीवर) एकेक नग घट्ट बसवणे हे हाताचे काम आहे, आणि अनोळखी आकाराचा नग आला की आमचा माणूस पकड कुठे घ्यावी याचा विचार करण्यातच अर्धा दिवस घालवतो.

तेव्हा नगाचा दर विचारू नका, "एका लॉटचे किती घ्याल" असे विचारा. जिग तुमच्याच वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची बनवून घ्या आणि मालाबरोबर पाठवा. दर फेरीनंतर तिच्यावरचा थर कॉस्टिकमध्ये उतरवावा लागतो, हे लक्षात असू द्या. पकडीच्या जागी थर चढत नाही, म्हणून ती जागा ड्रॉइंगवर तुम्हीच दाखवा. काळा रंग त्यांच्याकडे ज्या दिवशी चालू असेल त्या दिवशीच माल न्या.

ओघळांचे सांगायचे तर तो भोकात अडकून राहिलेला आम्लाचा थेंब आहे, जो नंतर हळूहळू बाहेर येतो. भोक आरपार करता येत असेल तर करा. नसेल तर सिलिकॉनचे बूच लावूनच माल द्या, बूच लावायचे काम आमच्यावर सोडू नका. बोअरच्या बाबतीत मात्र चूक ड्रॉइंगची असावी. साध्या सल्फ्युरिक ॲनोडायझिंगमध्ये थराचा साधारण एक तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, म्हणजे 20 मायक्रॉनला व्यास सुमारे 13 मायक्रॉनने कमी होतो, आणि 25 मिमी एच-7 ची मापातली संपूर्ण सूटच 21 मायक्रॉनची आहे. एचिंगमध्ये थोडा धातू जातो, त्यामुळे नेमका आकडा प्रत्येक टाकीवर तीन जादा नग करून, मोजूनच ठरतो.

खरेदी विभाग, सातपूर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. एक गोष्ट मात्र वेगळी वाटते. मोठ्या टाकीवाल्याला राजी करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ज्याचा धंदाच किरकोळ मालावर चालतो तो शोधावा. ऑनलाइन याद्यांमध्ये दिसणाऱ्या नावांपैकी अनेक मध्यस्थ असतात, आणि मध्यस्थाला तुमच्या बोअरची काळजी असण्याचे कारण नसते. आम्ही उलट्या बाजूने शोधले: ज्यांना नेहमीच थोडा माल लागतो असे टूलरूमवाले, गेज बनवणारे, वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग करणारे लोक आपला माल कुठे पाठवतात हे त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारले. तुम्हाला पुण्यात मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या सभासदांमध्ये असे लोक भेटतील. आमचे सध्याचे जॉबवर्कवाले एका गेजवाल्याच्या चलनावरचा पत्ता पाहून सापडले. चार छोट्या टाक्या आहेत, मालक स्वतः हातमोजे घालून उभे असतात आणि पहिल्याच भेटीत त्यांनी "मटेरियल नक्की कोणते?" असे विचारले. ज्याने हा प्रश्न विचारला नाही त्याच्याकडे मी माल ठेवत नाही, कारण एचई-30 आणि एचई-15 हे ॲल्युमिनियमचे दोन वेगळे मिश्रधातू एका जिगवर लावले तर काळ्याच्या दोन छटा निघतात.

जाण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र पाहायला मागा. संमती नसलेले युनिट स्वस्तात काम घेते, पण ते एक दिवस बंद होते आणि तुमचा माल आत राहतो. माल जॉबवर्कच्या चलनावरच पाठवा. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीचा पुरवठा धरून कर लागतो. नग कमी-जास्त झाल्यास हाच कागद उपयोगी पडतो.

शिरोली एमआयडीसी

आपल्या होल्डरला पोलादी स्क्रू असतीलच, म्हणून थोडे त्यांच्याविषयी लिहितो. ते काळे हवे असतील तर ब्लॅकोडायझिंग (रासायनिक द्रावणात पोलाद काळे करणे) करून घ्या. त्यात माप जवळजवळ बदलत नाही आणि थोडा मालही सहज घेतला जातो, मात्र नंतर तेल लावावे लागते. 12.9 ग्रेडच्या (खूप जास्त ताकदीच्या) स्क्रूवर इलेक्ट्रोप्लेटिंगने झिंक करू नका, आणि करावेच लागले तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे 200 अंशांवर बेकिंग होते का, याची खात्री करून घ्या. तसे न केल्यास धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे स्क्रू कसल्यानंतर दुसऱ्या दिवशी आपोआप तुटू शकतो. आमच्याकडे फिक्श्चरवर हे घडले, आणि रात्रीत डोके उडालेले तीन स्क्रू सकाळी जमिनीवर सापडले.

प्रकाशयंत्र, भोसरी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोअरची चूक आमचीच होती, हे आता कळले. त्या जॉबवर्कवाल्यांना मी उगीच बोल लावला, आज फोन करून तसे त्यांना सांगितले. ड्रॉइंगमध्ये थराआधीचे आणि थरानंतरचे असे दोन्ही व्यास स्वतंत्र लिहिले आहेत, आणि एम-3 ची सहापैकी चार भोके आरपार करता येतात असे दिसते. शेजारच्या गाळ्यातले गेजवाले त्यांचा माल दर गुरुवारी चाकणला पाठवतात. त्यांच्याच टेम्पोतून या गुरुवारी आमची जिग आणि तीन नग जातील. माल परत आल्यावर बोअरची मोजलेली मापे इथे लिहीन. वाळूजच्या महोदयांना एकच विचारायचे आहे: सिलिकॉनचे बूच सीलिंगच्या उकळत्या पाण्यातही तसेच ठेवावे, की रंगानंतर काढून भोक धुऊन घ्यावे?

ॲनोडायझर, वाळूज

ॲनोडायझिंग, रंग आणि सीलिंग संपेपर्यंत बूच तसेच राहू द्या. सिलिकॉनला उकळत्या पाण्याने काही होत नाही. मध्येच काढलेत तर बुचाच्या कडेला थांबलेले आम्ल रंगावर उतरेल. शेवटी बूच काढून भोकात दाबाची हवा मारा, आणि नग खोक्यात भरण्यापूर्वी एक रात्र भोके खाली करून कागदावर ठेवा. कागदावर डाग पडला, तर कोणत्या भोकात बूच नीट बसले नव्हते ते लगेच कळेल.