पक्षी ओळखायला मदत हवी आहे: साधा वटवट्या की जंगली वटवट्या?

माणदेशी_पाखरू: फोटो जोडलाय. तपकिरी अंग, लांब शेपटी, डोळ्यावर पांढरट भुवईसारखी रेघ. पुस्तकातली दोन्ही चित्रं मला सारखीच दिसतात. दिसलेल्या पक्ष्यांची यादी आज रात्रीच द्यायचीय, लवकर सांगा कुणीतरी.

कृष्णाकाठ: दिसला कुठं ते लिहा की राव. ऊस, ओढा का माळ? महिना कोणता? आवाज ऐकला?

दुर्बीण_सांगली: साधाच आहे. आमच्या मिरजेकडं उसात, गवतात सगळीकडं तोच. बिनधास्त लिहा.

कृष्णाकाठ: अहो, जागाच सांगितली नाही त्यांनी. मिरजेचा ऊस इथं कुठनं आला?

क्लिकवाला: फोटो हललाय. असल्या चुळबुळ्या पक्ष्याला शटर १/१००० च्या खाली ठेवू नका.

माणदेशी_पाखरू: कॅमेऱ्याचं विचारलं नाही हो. दहिवडीच्या पुढं माळावर, बोरी-बाभळीच्या झुडपात. जून अखेर. शेंड्यावर बसून सारखा ओरडत होता.

कृष्णाकाठ: हे आधी हवं होतं! खडकाळ माळ, काटेरी झुडपं म्हटल्यावर आधी जंगली तपासायचा. साध्याची भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत स्पष्ट जाते, जंगलीची आखूड, डोळ्यापाशीच विरते. जंगली अंगानं थोराड, चोचही जाड.

दुर्बीण_सांगली: पण फोटोत चोच काळीभोर आहे. काळी चोच साध्याची.

कृष्णाकाठ: विणीच्या दिवसांत दोघांचीही काळी होते, चोचीच्या रंगावर जाऊ नका. आवाज सांगा. साधा किड्यासारखं कोरडं टिरटिरतो. जंगलीचा खणखणीत, "पिट-प्रिटी, पिट-प्रिटी", लांबून ऐकू येतो.

हिमालयवेडा: जुन्या इंग्रजी पुस्तकांत वटवट्यांना रेन-वॉर्बलर म्हणत. खरा रेन म्हणजे वेगळ्याच कुळातला बारका पक्षी; त्याच्या बहुतेक जाती अमेरिका खंडातल्या, आपल्या देशात एकच, तीही हिमालयात. पनामा, कोलंबियाकडं तर इतक्या मिळत्याजुळत्या जाती की तिथले लोकसुद्धा आधी आवाजच धरतात.

माणदेशी_पाखरू: रेन नकोय मला, वटवट्या हवाय. आवाज खणखणीतच होता, बांधावरनं ऐकू येत होता. आणि उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसल्या. तो फोटो आता टाकलाय.

कृष्णाकाठ: बघितला. बाहेरची पिसं पांढरी, भुवई आखूड. जंगलीच. यादीत नुसतं नाव टाकू नका, आवाज आणि शेपटी दोन्ही नोंदवा, नाहीतर तपासणारे परत विचारतील.

दुर्बीण_सांगली: माळावर असेल बाबा जंगली. उसातल्या पक्ष्याला मात्र मी साधाच म्हणणार.

क्लिकवाला: मायणीच्या तलावात पाणी आलंय का? रविवारी निघायचा विचार आहे.